सख्ख्या शेजाऱ्यांची लेखिका

(वालावल येथे गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी सई परांजपे यांच्याविषयी बोलणार आहे. 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' ही नावं काढली की इथल्या पन्नाशीपुढच्या मंडळींचे चेहरे खुलतात, ते मला इथून दिसतंय. सिनेमाच्या दिग्दर्शिका म्हणून सगळे त्यांना ओळखतात. माझं म्हणणं मात्र असं आहे की सईबाई मुळात टेलिव्हिजनच्या नाटककार. सिनेमा त्यांच्याकडे नंतर आला, आणि आला तोही टेलिव्हिजनच्या दारातून. हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या लिखाणाची खरी ताकद कळत नाही, असं माझं मत आहे आणि त्यासाठीच मी आज उभा आहे.

हा विषय वालावलात कशाला, असं काही जणांना वाटेल. त्याचं कारण आहे. माझं आजोळ इथून जवळ, नेरूरला. लहानपणी जत्रेच्या रात्री लक्ष्मीनारायणाच्या देवळात दशावतार पाहत जागलेला मी माणूस. संध्याकाळी कंपनी गावात पोचते, आख्यान कुठलं लावायचं ते ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी एवढं सांगितलं जातं, आणि लिहिलेला एक कागद नसताना पहाटेपर्यंत नाटक उभं राहतं. समोर पायपेटी आणि पखवाज, बसायला एक बाकडं, बाकी सगळं तोंडच्या बोलण्यावर. संवाद कसा असतो, तो समोरच्याच्या वाक्यातून कसा उगवतो, हे या मातीतल्या पोरांना शिकवावं लागत नाही. गुरुजी शाळेच्या स्नेहसंमेलनात एकांकिका बसवायचे तेव्हा मात्र ते हट्टानं प्रत्येक वाक्य लिहून द्यायचे. तोंडी नाटकाच्या गावात लिहिलेल्या नाटकाचा आग्रह धरणारा हा माणूस. त्याच्या नावानं चालणाऱ्या मालेत, प्रत्येक वाक्य पारखून लिहिणाऱ्या बाईंविषयी बोलणं मला योग्य वाटलं.

आता सुरुवात करू. आणि सुरुवात कोकणातूनच करू, कारण सईबाईंच्या घराण्याचं मूळ इथलं. दापोली तालुक्यातलं मुर्डी हे गाव. तिथले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे रँग्लर झाले. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य म्हणून त्यांनी पुण्याची पिढीच्या पिढी घडवली. त्यांची मुलगी शकुंतला. तीही केंब्रिजला गणित शिकली, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत नोकरी केली, परत येऊन र. धों. कर्व्यांच्या बरोबरीनं संततिनियमनाच्या कामाला लागली. तेही अशा काळात, की त्या विषयाचं नाव चारचौघांत काढणं म्हणजे लोकांच्या शिव्या अंगावर घेणं. शांतारामबापूंच्या 1937 च्या 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याच्या सुधारक विचारांच्या मुलीची भूमिका केली ती याच शकुंतलाबाईंनी. त्यांचं लग्न युरा स्लेप्टझॉफ या रशियन चित्रकाराशी झालं होतं, पण ते टिकलं नाही. 19 मार्च 1938 ला लखनौला जन्मलेल्या सईला घेऊन त्या वडिलांच्या घरी आल्या, आणि मुलगी परांजपे म्हणूनच वाढली. आजोबा 1944 ते 1947 या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते, त्यामुळे तिचं थोडं बालपण कॅनबेरातही गेलं.

असं घर मिळालं की पोर लिहिणारच, असं आपण पटकन म्हणतो. मला ते पटत नाही. मोठ्या घरातली किती तरी मुलं मोठेपणाच्या ओझ्याखाली दबून गप्प होतात. सईचं तसं झालं नाही. आठव्या वर्षी तिचं 'मुलांचा मेवा' हे गोष्टींचं पुस्तक छापून आलं. आणि याहूनही मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. फर्ग्युसनच्या टेकडीवर अच्युत रानडे राहायचे. ते 1940-50 च्या काळातले सिनेदिग्दर्शक आणि नात्यानं तिचे मामा. ती चालत त्यांच्याकडे जायची आणि ते तिला गोष्टी सांगायचे. पण त्या सांगायची त्यांची तऱ्हा पटकथा वाचून दाखवल्यासारखी होती. आता कोण कुठून आलं, कुठं थांबलं, कुणाकडे पाहिलं, मग काय झालं. 'एक होता राजा' एवढ्यावर न थांबता राजा कुठल्या दारातून आला हे सांगणारा माणूस लहानपणी भेटणं हे मी रँग्लर आजोबांपेक्षाही मोठं भाग्य मानतो.

पुढे पुणे आकाशवाणी. निवेदन, मुलांचे कार्यक्रम. रेडिओ लेखकाचा कान तयार करतो, कारण तिथं डोळ्यांची मदत नाही. दार उघडलं हे आवाजावरून कळलं पाहिजे, माणूस रागावलाय हे वाक्याच्या लांबीवरून कळलं पाहिजे. मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. एब्राहिम अल्काझी नुकतेच तिथं संचालक म्हणून आले होते आणि त्यांची शिस्त सगळ्या देशाच्या रंगभूमीत गाजली. 1963 साली सईबाई तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. कान रेडिओनं दिला, रंगमंचाची बांधणी अल्काझींनी दिली. आता हे दोन्ही घेऊन त्या जिथं गेल्या, ती जागा नीट पाहू.

भारतात टेलिव्हिजन सुरू झाला 15 सप्टेंबर 1959 ला, दिल्लीत, एक प्रयोग म्हणून. आकाशवाणीचाच तो एक कोपरा. त्या उभारणीत आपले पु. ल. देशपांडे होते. पंडित नेहरूंची टेलिव्हिजनवरची पहिली मुलाखत घेतली ती त्यांनी. 1965 पासून रोजचं प्रक्षेपण सुरू झालं. 'दूरदर्शन' आकाशवाणीपासून वेगळं झालं ते थेट 1976 च्या एप्रिलमध्ये. म्हणजे सईबाई दिल्लीला निर्मात्या म्हणून कामाला लागल्या तेव्हा टेलिव्हिजन म्हणजे एक स्टुडिओ, मोजके कॅमेरे, मोजके संच आणि मोजके प्रेक्षक. घराघरात टीव्ही ही कल्पनासुद्धा कुणाच्या मनात नव्हती.

त्या काळच्या स्टुडिओत नाटक कसं व्हायचं, हे आजच्या मुलांना मुद्दाम सांगायला हवं. आज मोबाइलवर दहा वेळा घेतलेला शॉट अकराव्यांदा घेता येतो. तेव्हा नाटक थेट प्रक्षेपित व्हायचं. समजा, एका दृश्यात नायिका घरात आहे आणि पुढच्या दृश्यात ती बागेत बसलेली आहे. घर स्टुडिओच्या डाव्या कोपऱ्यात, बाग उजव्या. तिला तारांवरून, कॅमेऱ्यांच्या मागून, आवाज न करता तिथपर्यंत चालत जायचंय. तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी वाक्यं हवीत. साडी बदलायची असेल तर आणखी सहा वाक्यं. ती भरताड वाटली तर प्रेक्षकाला लगेच कळतं, म्हणून त्या सहा वाक्यांतही काहीतरी घडलंच पाहिजे. शिवाय पडदा एवढासा, चित्र काळं-पांढरं. त्यावर ना फौज दिसते, ना डोंगर, दिसतो तो चेहरा. म्हणून दोन-तीन पात्रं, एक खोली, एक टेबल, चहाचे कप. एवढ्या भांडवलावर अर्धा-पाऊण तास माणसाला जागेवर धरून ठेवायचं.

मला वाटतं, सईबाईंची सगळी कला या कोंडवाड्यात तयार झाली. त्यांच्या सिनेमात पुढेही कधी फौज आली नाही. कुणी जमीनदार आला नाही, कुणी स्मगलर आला नाही. आल्या त्या खोल्या, जिने, दारं, शेजारी आणि चहा. लोक त्याला साधेपणा म्हणतात. मी त्याला कसब म्हणतो, कारण हाताशी काही नसताना प्रसंग उभा करायची सवय त्यांना स्टुडिओनं लावली. 1972 साली त्यांनी टेलिव्हिजनसाठी 'द लिटल टी शॉप' हा लघुपट केला. नावातच चहाचं दुकान. त्याला तेहरानला एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई केंद्र सुरू झालं, आणि त्याचा उद्घाटनाचा कार्यक्रम निर्माण करण्यासाठी निवड झाली ती सईबाईंची. महाराष्ट्रातल्या टेलिव्हिजनच्या जन्मालाच त्या हजर होत्या, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

आता 'स्पर्श'कडे येतो. दिल्लीला असताना अंध मुलांच्या शाळेशी त्यांचा संबंध आला. तिथले मुख्याध्यापक मित्तल हे स्वतः अंध, आणि मोठे तेजस्वी, स्वाभिमानी गृहस्थ. त्यांच्यावरून सईबाईंना गोष्ट सुचली आणि तिचं आधी टेलिव्हिजनचं नाटक झालं, 'रैना बीती जाए'. त्याच ऐवजाचा पुढे सिनेमा झाला, 1980 चा 'स्पर्श'. नसीरुद्दीन शाह यांनी अनिरुद्ध परमार या मुख्याध्यापकाची भूमिका मित्तलांना समोर ठेवून केली, आणि चित्रीकरणही मोठ्या भागात दिल्लीच्या त्या खऱ्या शाळेतच झालं.

गोष्टीची सुरुवातच पाहा. अनिरुद्ध डॉक्टरकडे निघालाय. वाटेत गाणं ऐकू येतं, आणि आवाजाच्या मागानं तो डॉक्टरच्या दाराऐवजी भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. ते दार कविताचं, म्हणजे शबाना आझमींचं. तिचा नवरा लग्नानंतर तीन वर्षांतच गेलेला, ती जगापासून दूर बसून आहे. दोन माणसं भेटवायला हिंदी सिनेमानं अपघात केले, पूर आणले, दंगली लावल्या. इथं कानाच्या आधारे चालणारा माणूस चुकीच्या दारात पोचतो एवढंच. रेडिओत काम केलेल्या बाईलाच हे सुचणार.

पुढे कविता पहिल्यांदा शाळेत त्याच्या ऑफिसात येते तेव्हाचा कॉफीचा प्रसंग मी किती तरी वेळा पाहिलाय, आणि नाटक लिहू पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला तो पाहायला सांगतो. ती पाहुणी, तो यजमान. कॉफी तो देणार. ते त्याचं ऑफिस आहे, आपल्या टेबलावर काय कुठं आहे हे त्याच्या हातांना माहीत आहे. तिच्या मनात काही वाईट नाही, उलट चांगलंच आहे. म्हणून ती मदतीला हात पुढे करते. आणि तो बिथरतो. एक कप, दोन माणसं, एक पुढे झालेला हात. यात चूक कुणाची? तिची म्हणावी तर तुमच्या-माझ्या घरातही आपण हेच केलं असतं. त्याची म्हणावी तर आयुष्यभर प्रत्येक कपाला कुणीतरी हात लावला तर माणसाचं काय होत असेल, ते त्या चेहऱ्यावर दिसतं. मदत आणि कीव यांतली रेघ कुठं असते हा सबंध सिनेमाचा प्रश्न, आणि तो भाषण न देता कॉफीवर उभा राहिलाय.

या गोष्टीत खलनायक नाही, हे लक्षात घ्या. दोघांचं लग्न ठरतं. मग दुबे या अंध सहकाऱ्याच्या संसाराची हकीकत ऐकून अनिरुद्धच्या मनात शंकेचं कुसळ जातं. ही बाई माझ्यावर प्रेम करते की माझ्यासाठी त्याग करते? आणि तोच लग्न मोडतो. बाहेरून कुणी येऊन काही बिघडवत नाही. चांगली माणसं एकमेकांना किती दुखवू शकतात, हे लिहिणं फार अवघड. दुष्ट माणूस आणला की लेखकाचं अर्धं काम तो दुष्टच करून टाकतो. सईबाईंनी ती सोय घेतली नाही.

'स्पर्श'ला 1979 सालासाठीचे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. उत्कृष्ट हिंदी चित्रपट, नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा आणि सईबाईंना पटकथेचा. एवढं असून तो सर्वदूर प्रदर्शित व्हायला 1984 उजाडलं, आणि फिल्मफेअरचे पुरस्कार त्याला 1985 मध्ये मिळाले. चांगल्या कामाला थिएटर मिळवायला पाच वर्षं लागतात, यावर आणखी काही बोलावंसं वाटत नाही.

'चश्मेबद्दूर'चंही मूळ टेलिव्हिजनच्या नाटकातच. 'धुआँ धुआँ' नावाचं ते नाटक. दिल्लीतली एक खोली, तीन मित्र, सिगारेटी, आणि सिगारेटची उधारी चढत गेलेले पानवाले लल्लन मियाँ. सईद जाफरींनी ते काम असं केलंय की आपल्याही गावातला कुणी लल्लन मियाँ डोळ्यांसमोर येतो. आणि दारोदार धुण्याची पावडर विकणारी नेहा, म्हणजे दीप्ती नवल. ती घरात येते, पावडरीचा डबा काढते आणि कपडा धुऊन दाखवते. समोर सिद्धार्थ, फारूख शेख. दोघांचं प्रेम बादली आणि फेसाच्या साक्षीनं सुरू होतं. बागेतलं गाणं नाही, पावसातली साडी नाही. उलट त्या गाण्यांची नक्कल येते ती बाकीच्या दोन मित्रांच्या थापांत. हे दोघे एकेक करून तिच्याकडे जातात, फजिती करून घेतात आणि परत येऊन भलतंच रसभरीत सांगतात. ते सांगत असताना पडद्यावर आपल्याला सिनेमातल्यासारखी गाणी दिसतात. थापा मारणारा तरुण आपलं खोटं कुठून उचलतो, तर सिनेमातून. हा विनोद आहे, पण त्यात हिंदी सिनेमाची अख्खी समीक्षाही आहे. आणि ती करताना त्यांनी त्या पोरांना कुठंही तुच्छ लेखलेलं नाही. थापाड्या पोरांवरही त्यांचा जीव आहे.

'कथा' आली 1983 ला. 'ससा आणि कासव' या नाटकावरून. मुंबईची चाळ. राजाराम जोशी हा सरळमार्गी कारकून, त्याच्या खोलीवर येऊन बसलेला बाशू, आणि चाळीतली संध्या. बाशू गोड बोलून सगळी चाळ खिशात घालतो, नोकरी मिळवतो, पोरगी पटवतो आणि ऐन वेळी पसार होतो. त्याला तुम्ही खलनायक म्हणाल. पण सईबाई त्याला इतका लोभस लिहितात की तोही आपल्याला आवडू लागतो, चाळीसारखे आपणही फसतो. शेवटी संध्याचं लग्न राजारामशी होतं. कासव जिंकलं म्हणावं, तर जिंकलेल्या कासवाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहा. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'कथा'ला मिळाला.

आता त्यांच्या कामांची नावं एकापुढे एक ठेवतो. टेलिव्हिजन मालिका 'अडोस पडोस', 1984. मराठी नाटक 'सख्खे शेजारी'. आणखी एक मालिका, 'हम पंछी एक चाल के'. 'कथा'तली चाळ, 'चश्मेबद्दूर'मधली गल्ली, 'स्पर्श'मधलं गाणं ऐकू येणारं घर. पन्नास वर्षं ही बाई एकाच गोष्टीवर लिहीत आली आहे. भिंतीपलीकडे माणूस राहतो. त्याचा खोकला आपल्याला ऐकू येतो, आपलं भांडण त्याला ऐकू जातं. तो नातलग नाही, पण परकाही नाही. त्याच्याशी वागायचं कसं? इथल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. आपल्या गजाली तरी दुसऱ्या कशावर चालतात? पण गजाल आणि नाटक यांत एक फरक आहे. गजाल समोर नसलेल्या माणसाविषयी असते, नाटकात त्याला समोर उभं करून त्याची बाजू त्याच्या तोंडून बोलवावी लागते. सईबाईंनी प्रत्येक शेजाऱ्याला त्याची बाजू दिली.

'अडोस पडोस' लागायची तो काळ मला चांगला आठवतो. 'हम लोग' 7 जुलै 1984 ला सुरू झाली आणि देशभर मालिकांची सवय लागली. गावात टीव्ही एखाद्याच घरी. पडवीत पुढे पोरं, मागे बायका, दारात पुरुष, आणि चित्र हललं की कौलांवर चढून अँटेना फिरवणारा एक जण. आठवड्यातून एक भाग. मधले सहा दिवस त्या भागावर बोलणं व्हायचं. पाणी भरताना, शेतात, एस्टीत. लेखकाला आठवडाभर मुरलेला प्रेक्षक मिळत होता. आणि तेरा भागांत मालिका संपणार हे त्याला पहिल्या दिवशीच ठाऊक असायचं. शेवट माहीत असला की सुरुवात नेमकी लिहिता येते.

मग खासगी वाहिन्या आल्या, रोजची मालिका आली. रोजचा भाग म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटांचं चित्रीकरण, त्यासाठी रोज तेवढी पानं. एका माणसाच्या हातून हे होण्यासारखं नाही, म्हणून कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर कुणाचं लग्न मोडायचं ते ठरतं. या धबडग्यात लिहिणाऱ्या मुलामुलींविषयी मला आदर आहे. रात्री दोनला पानं पाठवून सकाळी सातला सेटवरचा फोन घेणं सोपं नाही. त्यातून चांगलंही निघतं. 2016 साली इथं जवळच, आकेरीच्या वाड्यात 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका उभी राहिली. तिचे लेखक प्रल्हाद कुडतरकर स्वतः पांडू झाले आणि आपली मालवणी बोली महाराष्ट्राच्या घराघरात गेली. त्या वाड्यासमोर पर्यटकांच्या गाड्या लागल्या. मालिकेनं कोकणाची भुताखेतांची प्रतिमा उभी केली म्हणून आपल्याकडे रागही उमटला, आणि तो सगळाच गैर नव्हता. पण बोलीचा टीव्हीवरचा संकोच तिनं घालवला, हे मान्य करायला हवं.

माझं दुःख दुसरं आहे. रोजच्या मालिकेला शेजारी परवडत नाही. तिला शत्रू लागतो. रोज रात्री कुणीतरी काहीतरी कारस्थान केल्याशिवाय उद्याचा भाग उभा राहत नाही. त्यामुळे सासू, जाऊ, नणंद, शेजारीण, सगळ्या एकेक करून कारस्थानी झाल्या. चांगल्या माणसांतला ताण लिहायला लेखकाला वेळ लागतो, आणि वेळच तर नाही. सईबाईंची परंपरा तुटली ती इथं. त्या जुन्या झाल्या म्हणून नाही तुटली, तसं लिहायला लागणारी सवड कुणी लेखकाला देत नाही म्हणून तुटली.

त्यांचं सगळंच सारखं उतरलं असं मी म्हणणार नाही. गाणाऱ्या दोन बहिणींवरचा 1997 चा 'साज' मला पसरट वाटतो, त्यातली मोठी माणसं त्यांच्या खोलीत मावली नाहीत. मुलांसाठी त्यांनी 'जादू का शंख', 'सिकंदर' असे चित्रपट केले, चिल्ड्रेन्स फिल्म सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा सांभाळलं, 'चूडियाँ' केला तो खेड्यातल्या बायकांच्या दारूविरोधी लढ्यावर. रंगभूमीवर 'जास्वंदी', 'माझा खेळ मांडू दे'. 2006 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आईलाही ते 1991 मध्ये मिळालं होतं.

पण एका चित्रपटापाशी मला थांबायचंय, आणि तो वालावलकरांनी तरी पाहायलाच हवा. 1990 चा 'दिशा'. गावातून मुंबईला गिरणीत कामाला गेलेले दोघं. एक रघुवीर यादव, दुसरा नाना पाटेकर. एका खोलीत दाटीवाटीनं राहणारे कामगार, पाळीपाळीनं झोपणारे, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांना ट्रंका. आपल्याकडे असं एखादं घर दाखवा जिथला कुणी पुरुष गिरगाव-लालबाग-परळच्या अशा खोलीत राहिलेला नाही. गावकऱ्यांच्या खोलीचा तो आख्खा संसार आपण जगलोय. जानेवारी 1982 च्या संपानंतर तो मोडला तेव्हाची माघारी आलेली माणसं मी पाहिली आहेत, आपल्यातल्या अनेकांनी पाहिली आहेत. त्या माणसांवर कथा-कादंबऱ्या झाल्या, पण सिनेमा फार थोडे झाले.

'दिशा'त दुसऱ्या बाजूला त्या दोघांतल्या एकाचा गावात राहिलेला मोठा भाऊ परशुराम आहे, ओम पुरी. तो वर्षानुवर्षं एकटा विहीर खणतोय. गाव हसतं. पाणी लागत नाही. गावात विड्यांचा कारखाना निघतो, बायका कामाला जाऊ लागतात, हातात पैसा येतो, घरातलं वारं बदलतं. मुंबईतली खोली आणि गावातली विहीर असा हा चित्रपट मागेपुढे जात राहतो. सईबाई शहरातल्या मध्यमवर्गाच्या लेखिका, असं जे म्हटलं जातं ते 'दिशा' पाहिल्यावर पुन्हा म्हणवत नाही. चाळीत जे शिकल्या ते त्यांनी कामगारांच्या खोलीला लावलं. दाटीवाटीनं झोपलेल्या माणसांतही कोण कुणाला अंग चोरून जागा देतं, कोण देत नाही, कोण घरचं पत्र मोठ्यानं वाचून घेतं, हे सगळं त्यात आहे. परशुरामाच्या विहिरीला शेवटी पाणी लागतं. ते लागतं तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच मुंबईतल्या खोलीतल्या माणसांची आठवण होऊन घसा दाटून आला. एकाच वेळी दोन्ही वाटायला लावणं, हे पटकथेचं काम त्यात पुरं झालंय.

गुरुजी असते तर त्यांनी आता विचारलं असतं, पोरांनी करायचं काय? तर शाळेत या वर्षी एकांकिका बसवणार असाल, त्या मुलांना एक अट घाला. दोनच पात्रं, दोघंही चांगली, एक खोली, आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य. दशावताराचं बोलणं तुमच्या जिभेवर आहेच, ते कागदावर उतरवताना काय गळतं आणि काय उरतं ते पाहा. सईबाईंचं 'सय' हे आत्मचरित्र राजहंसनं काढलंय, ते वाचनालयात आणून ठेवा. त्यात त्यांनी आपल्या प्रत्येक कामाची जडणघडण सांगितली आहे, अडचणींसकट. 'स्पर्श' आणि 'दिशा' एका रविवारी देवळाच्या आवारात पडदा लावून दाखवता आले तर फारच चांगलं. त्याचा खर्च मी उचलीन, हे इथं सगळ्यांसमोर सांगतो.

सईबाई थांबलेल्या नाहीत. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी 'इवलेसे रोप' हे नवं नाटक लिहिलं आणि स्वतः बसवलं. मंगेश कदम आणि लीना भागवत त्यात काम करतात. आपल्या जिल्ह्यात प्रयोग लागला तर मुलांना घेऊन जा, आणि पुढच्या रांगेत बसवा.